डब्यात एकवीस, यंत्रात सत्तेचाळीस

मागच्या वर्षी जूनमध्ये एका रात्री वलगावात बरा पाऊस झाला. सकाळी उठल्या उठल्या मी लॅपटॉप उघडला. घरामागच्या वावरात मी स्वतः बनवून लावलेल्या पर्जन्यमापकाने रात्रभरात ४७.६ मिलिमीटर पाऊस नोंदवला होता. पहिल्याच पावसात एवढा म्हणजे पेरणीची चिंता मिटली, असं मी चहा घेता घेता बाबांना सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. चपला घालून वावरात गेले आणि माझ्या यंत्राशेजारी त्यांनी आदल्या संध्याकाळी ठेवलेला स्टीलचा डबा उचलून आणला. सरळ भिंतींचा, झाकण हरवलेला. त्यात प्लास्टिकची पट्टी उभी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. एकवीस मिलिमीटर.

"अबे, सत्तेचाळीस पडला असता त पेढीचं पाणी पुलाले लागलं असतं," ते म्हणाले. "तुह्या मशीनले डबल दिसून राह्यलं."

वलगाव म्हणजे अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की पेढी नदीकाठी येणारं गाव. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच देह ठेवला, म्हणून बाहेरच्यांना नाव माहीत असतं. मी इथलाच. वीसेक वर्षं पुण्यातल्या कंपन्यांसाठी डिव्हाइस ड्रायव्हर लिहितो आहे. २०२० पासून तेच काम घरी बसून करतो. डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे कीबोर्ड, वायफाय, कॅमेरा अशा एकेका यंत्राशी ऑपरेटिंग सिस्टिमने कसं बोलायचं हे सांगणारा प्रोग्राम. माझा रोजचा भाकरतुकडा त्यावर चालतो, आणि तरी ज्या चुकीने माझ्या यंत्राने दुप्पट पाऊस पाडला ती या धंद्यातल्या पहिल्या आठवड्याच्या धड्यातली होती. त्या चुकीच्या निमित्ताने हा लेख.

आधी यंत्र कसं आहे ते सांगतो. वर वीस सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं. त्याच्या तोटीखाली एक छोटी कलती पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन चिमुकल्या ओंजळी. एकीत पाणी भरतं, भार झाला की ती खाली कलते, रिकामी होते, आणि दुसरी तोटीखाली येते. माझ्या यंत्रात एक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. एवढ्या नरसाळ्याला ते सुमारे सव्वासहा मिलिलीटर पाणी होतं, चहाच्या मोठ्या चमच्याहून थोडं जास्त. पट्टीला एक लोहचुंबक चिकटवलेला असतो. पट्टी कलंडताना तो काचेच्या बारीक नळीतल्या दोन धातूच्या पातींजवळून जातो, पाती एकमेकींना चिकटतात, वायरमधून क्षणभर वीज वाहते. ती वायर लिनक्स चालवणाऱ्या एका छोट्या बोर्डाला जोडलेली. बोर्डाच्या दृष्टीने पाऊस म्हणजे एवढंच: वायरवर येणारा टिचकीएवढा विजेचा झटका.

हा झटका प्रोसेसरला कळवण्याचे मार्ग दोन.

पहिला मार्ग आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. शेतीची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं असलं की बाबा रात्री दर अर्ध्या तासाने उठत, विहिरीपर्यंत जात, स्टार्टरचं बटण दाबून पाहत, परत येऊन पडत. पहाटेपर्यंत सात-आठ खेपा. त्यातली कामाची एक. संगणकाच्या भाषेत याला पोलिंग म्हणतात. प्रोसेसरने पुन्हा पुन्हा जाऊन पाहायचं: आलं का? आलं का?

पुढे मी त्या लाइनीवर एक बेल बसवली. लाइट आली की घरात घंटा वाजते. बाबा तोवर झोपलेले असतात, झोप मोडली तर कामासाठीच मोडते. ही बेल म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट. यंत्राने स्वतः हाक मारायची, आणि हाक येईपर्यंत प्रोसेसरने आपलं दुसरं काम करायचं किंवा वीज वाचवत पडून राहायचं.

पुस्तकी मराठीत इंटरप्टला 'व्यत्यय' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. व्यत्यय म्हणजे ऐन कीर्तनात पोर रडणं, नको असलेली गोष्ट. इथे हाक मारणाऱ्याला आपणच सांगून ठेवलेलं असतं. 'हटकणं' जास्त जवळचं: रस्त्याने चाललेल्याला नाव घेऊन थांबवणं, दोन शब्द बोलणं, आणि जाऊ देणं. पण ऑफिसात सगळे इंटरप्टच म्हणतात, तेव्हा मीही तेच लिहितो.

पोलिंग किती महाग आहे ते आकड्यांत पाहा. तासाला शंभर मिलिमीटर म्हणजे आभाळ फाटल्यासारखा पाऊस. तरीही माझ्या यंत्रातली पट्टी तासात पाचशे वेळाच कलंडेल, म्हणजे सात सेकंदांतून एकदा. माझ्या बोर्डावरच्या साध्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला शंभर कोटी ठोके देतं. दोन कलंडण्यांमध्ये सातशे कोटी ठोके. तेवढा वेळ प्रोसेसर वायरीकडे डोळे लावून बसला तर सौर पॅनलवरची बॅटरी मध्यरात्रीच संपेल. आणि दिवाळीनंतर तर महिनोन् महिने कलंडायला पाणीच नसतं.

तर हाक आल्यावर नेमकं काय होतं? खातेवही लिहीत बसलेला एखादा मुनीम डोळ्यांसमोर आणा. दार वाजतं. तो हातातला आकडा पुरा लिहितो, अर्धा सोडत नाही. ज्या ओळीवर होता तिथे खूण करतो. मग दाराशी जातो. प्रोसेसरही हातातली एक सूचना पूर्ण करतो, पुढच्या सूचनेचा पत्ता बाजूला जपून ठेवतो, आणि एका तक्त्यात पाहतो: या नंबरची हाक आली तर कुठे जायचं? तक्त्यात ड्रायव्हरमधल्या एका छोट्या तुकड्यापर्यंतची वाट लिहिलेली असते. त्या तुकड्याला हँडलर म्हणतात. हँडलर चालतो, संपतो, प्रोसेसर खूण केलेल्या ओळीवर परत येतो. ज्या प्रोग्रामला मध्येच थांबवलं त्याला याचा पत्ताही लागत नाही. तुम्ही मोबाइलवर हा लेख वाचत असाल तर या एका परिच्छेदात तुमच्या फोनच्या प्रोसेसरला शेकडो वेळा असं हटकलं गेलं असेल. बोट सरकलं, हाक. नेटवर्कवरून काही आलं, हाक. घड्याळाने ठरलेली वेळ भरल्याचं सांगितलं, हाक.

हँडलर कुठे आहे हे तक्त्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं. लिनक्समध्ये ड्रायव्हर सुरू होतानाच ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो: अमुक नंबरची हाक माझी, ती आली की माझ्या या फंक्शनला बोलवा. साधी गोष्ट वाटते. पण एकाच नंबरवर दोघांनी हक्क सांगितला की काय होतं, ते मी एका जिनिंग फॅक्टरीत पाहिलं आहे.

१९९९ सालचा हिवाळा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी अमरावतीत संगणक दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान काढलं होतं. एका जिनिंगवाल्याचा निरोप आला: वजनकाट्याचा संगणक भानामती झाल्यासारखा वागतोय. जाऊन पाहतो तर फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग, बैलगाड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर, आणि शेतकरी तापलेले. काट्यावर गाडी चढली की काट्याचा डबा सीरियल केबलने वजन संगणकाला पाठवायचा आणि ते पडद्यावर दिसायचं. तक्रार अशी की मधूनच वजन गोठायचं. नवी गाडी काट्यावर, पडद्यावर मात्र मागच्या गाडीचं वजन. दोनदा तशीच पावती निघाली होती. ज्याला जास्त मिळालं तो गप्प होता, ज्याला कमी मिळालं तो नव्हता.

चार तास मी केबल बदलली, काटा उघडला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. शेवटी माझ्या लक्षात आलं की वजन गोठतं ते तिथल्या मुनीमजींनी माउसला हात लावला की. माउस नुसता ठेवून दिला तर दहा गाड्या बिनबोभाट तोलल्या जातात.

उलगडा असा होता. त्या काळच्या पीसीत हाकांसाठी वायरीच मोजक्या. इंटेलची ८२५९ नावाची चिप आठ हाका ऐकू शकायची. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये अशा दोन चिपा एकीला एक जोडल्या; जोडण्यात एक वायर गेली, उरल्या पंधरा. शून्य नंबरवर घड्याळ, एकवर कीबोर्ड, सहावर फ्लॉपी, चौदावर हार्डडिस्क, असं वाटप ठरलेलं. सीरियल पोर्टांपैकी कॉम १ ला चार नंबर. कॉम ३ लाही चारच. पंधरात सगळ्यांना पुरवायचं तर कोणीतरी एका खोलीत राहणारच होतं. या संगणकाचं दुसरं पोर्ट आदल्या पावसाळ्यात जवळच वीज पडल्याने जळालं होतं, म्हणून कोणीतरी जास्तीचं कार्ड घालून काटा कॉम ३ वर लावला होता. माउस होता कॉम १ वर. जुन्या पद्धतीच्या त्या कार्डांना एक वायर धड वाटून घेता येत नसे. माउसने हाक मारून ठेवली की काट्याची हाक तिच्याखाली दबायची.

कार्डावर एक इवलासा जंपर होता, दोन पिनांवर बसणारी प्लास्टिकची टोपी. ती चारवरून उचलून पाचवर बसवली. या संगणकात साउंड कार्ड नव्हतं, त्यामुळे पाच रिकामा होता. विंडोजलाही पाच सांगितला. काटा चालू झाला. मजुरी मिळाली दीडशे रुपये, आणि मुनीमजींची खात्री अशी झाली की मी काहीतरी भारलं आहे.

आता हा त्रास राहिला नाही. पुढच्या पिढीच्या कार्डांना एक वायर वाटून घेता येऊ लागली. अट एवढीच की हाक आली की त्या वायरीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या यंत्राला विचारायचं, तू मारलीस का? नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला स्वच्छ सांगायचं की माझी नाही. कोणीच माझी म्हणालं नाही तर? लिनक्स काही काळ वाट पाहतं. एका वायरीवर एक लाख हाका आल्या आणि त्यांतल्या ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाल्या, तर ते ती वायर बंद करून टाकतं आणि नोंदवहीत 'नोबडी केअर्ड' असं लिहून ठेवतं. कोणी विचारलंच नाही. पहिल्यांदा हा संदेश वाचला तेव्हा मला त्या यंत्राची दया आली होती. हल्ली तर बऱ्याच यंत्रांना वायरच लागत नाही. ती मेमरीच्या ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितात, तीच हाक.

हँडलरबद्दल एक नियम आहे आणि या धंद्यातली निम्मी अक्कल त्या नियमात आहे: तिथे थांबायचं नाही. ऐका, टिपा, परत फिरा.

कारण असं. हँडलर चालतो तो दुसऱ्याच्या वेळात. ज्या बिचाऱ्या प्रोग्रामला मध्येच थांबवलं त्याच्या जागेवर तो उभा असतो, त्याला स्वतःची अशी ओळख नसते. एखादा प्रोग्राम डिस्कची वाट पाहत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला झोपवते आणि दुसऱ्याला पुढे आणते. डिस्क तयार झाली की उठवते. हँडलरला झोपवायचं तर झोपवणार कोणाला आणि उठवणार कोणाला? शिवाय तो चालू असेपर्यंत त्याच्या नंबरची दुसरी हाक आत येऊ शकत नाही. ती दारात उभी राहते. पण दारात जागा एकीचीच. हँडलर रेंगाळला आणि तेवढ्यात दोन हाका आल्या तर बाहेर आल्यावर त्याला एकच दिसते. एक गेली ती गेली.

म्हणून काम दोन भागांत तोडतात. अमरावतीच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन गेलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. फाटकावर आवकेची नोंद होते: नाव, गाव, माल, अंदाजे पोती. मिनिटभराचं काम. हर्राशी, माप, हमाली, पट्टी, पैसे हे सगळं आत, सावकाश. फाटकावरच माल पाखडून भाव ठरवायला बसलं तर रांग बसस्टँडपर्यंत जाईल. लिनक्समध्ये फाटकावरच्या कामाला टॉप हाफ म्हणतात, आतल्या कामाला बॉटम हाफ.

मी हा नियम मोडून पाहिलेला आहे. पुण्यातली पहिली नोकरी, कंपनीचं नाव राहू द्या. एका छोट्या यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये हाक आल्यावर तापमान वाचायचं होतं. ते तापमान एका संथ तारेवरून यायचं, आणि त्या तारेवर बोलताना उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. मी ते वाचन सरळ हँडलरमध्येच लिहिलं. माझ्या टेबलावर आठवडाभर सुरळीत चाललं. ग्राहकाकडे तिसऱ्या दिवशी यंत्र गोठलं. पडद्यावर शेवटची ओळ: 'शेड्युलिंग व्हाइल अॅटॉमिक'. साध्या मराठीत, अरे, तुला झोपायची मुभा नव्हती. आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ बाईंनी माझा कोड वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "दारात उभं राहून गप्पा मारतोस का?" त्या दिवसापासून मी दुसऱ्याचा ड्रायव्हर तपासायला घेतला की आधी हँडलर किती ओळींचा आहे ते पाहतो. पडद्यावर एका नजरेत मावत नसेल तर पुढचं वाचायच्या आधीच संशय घेतो.

टेबलावर आठवडाभर चालून ग्राहकाकडे तिसऱ्या दिवशी गोठणं, हा या विषयाचा खरा जाच आहे. हाक कधी येईल ते ठरलेलं नसतं. तोच प्रोग्राम, तीच माहिती, पण आज एका ओळीवर हटकलं गेलं, उद्या दुसऱ्या. या गोष्टीला सुरुवातीलाच घाबरलेला एक माणूस साधासुधा नव्हता. एड्सगर डाइक्स्ट्रा हे हॉलंडचे, पुढे संगणकशास्त्रातल्या थोरांत गणले गेले. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांचे सहकारी लूपस्ट्रा आणि शोल्टन एक्स-१ नावाचा संगणक रचत होते आणि त्यांना त्यात इंटरप्ट घालायचा होता. त्याचं मूळ सॉफ्टवेअर लिहायचं होतं डाइक्स्ट्रांना. पुन्हा करून दाखवता येणार नाहीत अशा चुका आपल्या हातून होणार, या धास्तीने त्यांनी काही महिने होकारच दिला नाही. अखेर दिला, हँडलर लिहिला, आणि १९५९ चा त्यांचा पीएचडीचा प्रबंधही त्याच यंत्राबरोबरच्या या देवाणघेवाणीवर होता. मला त्यांची भीती त्यांच्या हुशारीइतकीच मोठी वाटते. न घाबरता हँडलर लिहिणाऱ्या पोरांचा कोड मी रोज दुरुस्त करतो.

भीती कशाची, ते माझ्याच पर्जन्यमापकावर दाखवतो. हँडलर एका मोजणीत एक मिळवतो. तासाच्या ठोक्याला दुसरा प्रोग्राम ती मोजणी वाचून वहीत लिहितो आणि मोजणी शून्य करतो. आता समजा त्याने वाचली: सदतीस. वाचली, पण अजून शून्य केली नाही. नेमकी त्याच वेळी पट्टी कलंडली. हँडलर धावत आला, सदतीसचे अडतीस केले, गेला. मग वरचा प्रोग्राम जागेवर आला आणि त्याने शून्य केलं. वहीत सदतीस, यंत्रात शून्य, आणि एक कलंडणं हवेत विरलं. ही फट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून लहान असेल. वर्षात एखादवेळी सापडेल. पण सापडेल तेव्हा तुम्ही ती शोधू शकणार नाही, कारण पुढच्या वेळी करून पाहाल तर सगळं ठीक असेल. उपाय असा की वाचणं आणि शून्य करणं या दोन पायऱ्यांपुरते कान बंद करायचे, तेवढ्यापुरता इंटरप्ट अडवायचा, आणि लगेच सोडायचा. 'लगेच' महत्त्वाचं. अडवून ठेवला तर वर सांगितलेली दारातली गर्दी.

इथे आमच्या वऱ्हाडातल्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. कमी जणांना माहीत असतं ते त्याच्या पोटात काय होतं हे. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते, आणि ट्रान्सप्युटरने इंटरप्टकडे पाहायची नजरच बदलली होती. त्यात बाहेरची हाक म्हणजे आलेली चिठ्ठी. एक छोटी प्रक्रिया त्या चिठ्ठीची वाट पाहत शांत झोपलेली असते. हाकेच्या पिनवर वीज आली की चिप स्वतः तिला उठवून रांगेत लावते. दुसऱ्याच्या जागेवर उभं राहणं नाही, उसना वेळ नाही. ज्याची चिठ्ठी त्याने उठून घ्यायची. ट्रान्सप्युटर बाजारातून गेला. पण २००९ मध्ये लिनक्समध्ये थ्रेडेड इंटरप्ट आले, ज्यात हाकेचं खरं काम एका झोपलेल्या धाग्याला उठवून दिलं जातं आणि त्या धाग्याला थांबायचीही मुभा असते, तेव्हा मला ती जुनी चिठ्ठीच आठवली. माझ्या तापमानाच्या यंत्राचा ड्रायव्हर त्या सोयीनंतर लिहिला असता तर ते गोठलं नसतं.

हाका फार झाल्या तर? नेटवर्क कार्डाच्या बाबतीत हे घडतं. पाकिटं इतक्या वेगाने येतात की प्रोसेसर नुसता दाराशीच ये-जा करत राहतो आणि पाकीट उघडायला त्याला वेळच उरत नाही. मग ड्रायव्हर चक्क बेल काढून ठेवतो आणि गर्दी ओसरेपर्यंत स्वतः जाऊन ढिगाने उचलून आणतो. म्हणजे बाबांची जुनीच पद्धत. रात्रभरात एकदाच येणाऱ्या लाइटीसाठी ती वेडेपणाची होती. सेकंदाला लाखो पाकिटं येत असतील तर तीच शहाणपणाची.

आता माझे दुप्पट मिलिमीटर.

त्या सकाळी डबा बाजूला ठेवून मी ड्रायव्हरला प्रत्येक हाकेची वेळ टिपायला लावलं आणि वावरात जाऊन नरसाळ्यात तांब्याने सावकाश पाणी ओतलं. पट्टी एकदा कलंडली. टक्. आवाज एकच, मी कानांनी ऐकला. नोंदीत मात्र तीन ओळी होत्या: ७ वाजून ५२ मिनिटं ११ सेकंद आणि ३१२ मिलिसेकंद, मग ३१३, मग ३१९. पुढच्या कलंडण्याला दोन ओळी. त्याच्या पुढच्याला पुन्हा तीन.

काचेच्या नळीतल्या त्या पाती एकमेकींवर आदळल्या की पहिल्या फटक्यात चिकटत नाहीत. टाकलेला चेंडू जसा दोनचार उड्या मारून थांबतो तशा त्या उडतात. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं, माणसाच्या बोटाला किंवा कानाला ते कळायचं नाही. पण प्रोसेसरला एक मिलिसेकंद म्हणजे दहा लाख ठोके. त्याच्यासाठी त्या तीन वेगवेगळ्या, सावकाश मारलेल्या हाका होत्या. त्याने प्रामाणिकपणे तिन्ही मोजल्या. घरात चाचणी घेताना मी पट्टीऐवजी एक बटण लावलं होतं, आणि त्या बटणाच्या बोर्डावर उड्या गिळणारा कपॅसिटर आधीच बसवलेला होता. म्हणून टेबलावर सगळं बरोबर दिसलं. वावरात कपॅसिटर नव्हता आणि ड्रायव्हरमध्ये मी त्याची सोय केली नव्हती.

दुरुस्ती तीन ओळींची. हँडलरने आधी घड्याळ पाहायचं. मागच्या मोजलेल्या हाकेला २०० मिलिसेकंद झाले नसतील तर ही हाक खोटी, न मोजता परत. आभाळ फाटलं तरी दोन खऱ्या कलंडण्यांत सेकंद जातात हे आपण वर पाहिलंच, त्यामुळे २०० मिलिसेकंदांत खरी हाक दबायची भीती नाही. जमलं तर वायरीवर कपॅसिटरही लावावा, तो मी पुढच्या रविवारी लावला. रात्रीच्या ४७.६ मिलिमीटरमध्ये २३८ हाका होत्या. नंतर सावकाश शंभरेक कलंडणी मोजून पाहिली तर एकेका कलंडण्याला सरासरी सव्वादोनहून थोड्या जास्त हाका पडत होत्या. त्या हिशेबाने रात्रीचा पाऊस एकवीसच्या आसपास येतो.

हा नुसता हौशी माणसाचा हिशेब नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर आपल्याकडे त्याला अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामा, मदत हे सगळं त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर लटकलेलं असतं. माझ्या चुकीच्या यंत्रात तीस मिलिमीटरच्या पावसाला अतिवृष्टी झाली असती. माझं यंत्र सरकारी नाही, त्याचा आकडा कोणी विचारत नाही, ही देवाची कृपा.

या वर्षी दुरुस्त ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून चालू आहे. साध्या पावसात यंत्र आणि डबा यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही. जोराच्या सरीत मात्र यंत्र कमी दाखवतं. एका रात्री डब्यात चौसष्ट होते, यंत्रात ६१.४. पट्टी कलंडत असतानाच्या अर्ध्याएक सेकंदात तोटीतून पडणारं पाणी भरलेल्याच ओंजळीत जातं आणि मोजणीत येत नाही. अशा सगळ्या यंत्रांची ही जन्माची खोड आहे. जे पाणी हाकच मारत नाही ते ड्रायव्हरला कधीच दिसणार नाही. त्यासाठी पावसाच्या जोराप्रमाणे आकडा वाढवून घ्यावा लागतो, तो हिशेब मी वेगळा करतो.

वावरात असं यंत्र लावणाऱ्यांना, मग ते विकत घेतलेलं असो की घरी बनवलेलं, माझी एक विनंती आहे. पहिला पूर्ण पावसाळा त्याच्या शेजारी सरळ भिंतींचा एक डबा ठेवा, आणि रोज सकाळी त्यात पट्टी बुडवा.